घटाला बसलेली गाडी

आदीच सांगते, मी भांडखोर न्हाय. मला राग येतो आन् तो खरा असतो, एवढंच. कुंभारीत कुणालाबी विचारा महानंदा कशी हाय म्हणून. फक्त माज्या जावेला विचारू नका.

जाऊ म्हंजे वैजयंती, माज्या धाकट्या दिराची, रावजीची बायको. तिचं घर आन् माजं घर एका भिंतीला. अंगण एकच, आन् अंगणात आत्याबाईंची शेळी, कबरी. आत्याबाई म्हंजे आमची सासू, कस्तुराबाई. दोन वर्षं झाली, मी आन् वैजी बोलत न्हाय. कारण सांगायला मला लाज न्हाय. बिरदेवाच्या जत्रेला पाव्हणे जेवायला बसलेले, आन् ही हसत हसत म्हणली, "आमच्या अक्कांची कडक भाकरी दुसऱ्या दिवशी वाकती."

सोलापूर भागात बाईला काळी म्हणा, कजाग म्हणा, एक वेळ खपवून घेईल. कडक भाकरी वाकती म्हणलेलं कोण खपवून घेईल? आमची भाकरी महिनाभर डब्यात राहती आन् मोडली की कट्ट वाजती. त्या दिवशी पाव्हण्यांतला एक जण खरंच ताटातली भाकरी वाकवून बघत व्हता. मी ते बघितलं आन् तवापासनं तोंड मिटलं.

पर एका अंगणात राहायचं तर निरोप द्यावाच लागतो. मग आमी कबरीला सांगतो. "कबरे, नळाला पाणी आलंय म्हणावं." भिंतीपलीकडनं उत्तर येतं, "कबरे, आमाला बी कान हायत म्हणावं." कबरी रवंथ करत आदी माज्याकडं बघती, मग तिच्याकडं. दोन वर्षांत तिला दोन्ही घरांचं सगळं ठाऊक झालंय.

आता गाडीचं सांगते. आमचे मालक, बिरप्पा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर हायत. माग बिघडला की तो चालू करायचं काम त्यांचं. गेल्या वर्षी त्यांनी एक वापरलेली पांढरी गाडी घेतली. गाडी उभीच जास्त, त्यामुळं थंडीत तीनदा बॅटरी उतरली. मग त्यांनी बॅटरीचा चार्जर आणला. केवढासा डबा, तीन दिवे, दोन चिमटे. पर कौतुक असं की इचारू नका.

"ह्याला कायबी सांगावं लागत न्हाय," ते म्हणायचे. "बॅटरी किती उतरली ते ह्याला आपसूक कळतं. भरली की आपसूक थांबतं. लावून ठेवलं तरी जास्त भरत न्हाय, नुसती ताजी ठेवतं. ऑटोमॅटिक हाय." ऑटोमॅटिक म्हणताना त्यांचा आवाज देवळात बोलल्यागत बारीक व्हतो.

"बरं झालं," मी म्हणलं. "घरात एक तरी सांगितल्याबिगर काम करणारं आलं."

त्या डब्याला त्यांनी कारखान्यातला कोरा टॉवेल गुंडाळला. माज्या अंगावरच्या शालीची अशी घडी त्यांनी जन्मात घातली न्हाय. आन् आमाला रीतसर शिकवलं. लाल चिमटा अधिकच्या खुटीला, काळा उणेच्या. आदी चिमटे लावायचे, मग बटण. काढताना आदी बटण बंद, मग चिमटे. खुट्यांवर पांढरं चढलं तर गरम पाण्यानं पुसून, वाळवून, व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. लाल दिवा म्हंजे चूक, पिवळा म्हंजे भरतंय, हिरवा म्हंजे भरलं. आत्याबाईंनी सगळं नीट ऐकलं आन् डब्याला कुंकू लावलं.

गाडी मी शिकायला घेतली ती पिंकीपायी. पिंकी आमची लेक, अकलूजला होस्टेलवर राहून शिकती. गेल्या साली तिच्या कॉलेजात कार्यक्रम व्हता, तिचं भाषण व्हतं. मी सकाळी सातपासनं नवी साडी नेसून उंबऱ्यावर बसले. मालकांची ड्यूटी लांबली, यष्टी चुकली, दुसरी यष्टी भरून गेली. आमी पोचलो तवा पोरं खुर्च्या एकात एक घालत व्हती. पिंकी रुसली न्हाय की रडली न्हाय. नुसती म्हणली, "आई, मी पडद्याच्या फटीतनं तीनदा बघितलं." मला वाटलं, जमीन फाटावी आन् मी आत जावं. यिताना यष्टीतच ठरवलं, परत माजं जाणं कुणाच्या ड्यूटीवर ठेवायचं न्हाय.

ह्या साली कार्यक्रम नवरात्रातल्या रविवारी व्हता, आन् मालकांना दसऱ्याच्या मालापायी रविवारी बी कामावर जायचं व्हतं. माजं लर्निंग लायसन शुक्रवारी संपत व्हतं. पहिल्या परीक्षेला चढावर माजी गाडी मागं घरंगळली व्हती, नापास झाले. दुसरी परीक्षा गुरुवारी साडेअकराला. पास झाले तर रविवारी अकलूज, नापास झाले तर परत लर्निंग, परत महिनाभर थांबा, आन् पिंकी परत फटीतनं बघणार. एवढं साधं व्हतं.

गुरुवारी सकाळी आठला मी गाडीवरचं कापड काढलं. मालक रातपाळीहून नऊपर्यंत यिणार आन् माज्या शेजारी बसणार असं ठरलेलं, कारण लर्निंगवाल्याच्या शेजारी पक्क्या लायसनचा माणूस लागतो. दार उघडलं तर आरशाला झेंडूच्या पाच माळा लोंबत व्हत्या. बरं, नवरात्र हाय, आत्याबाईंची हौस. किल्ली फिरवली. कायच न्हाय. परत फिरवली. गाडीनं हूं की चूं केलं न्हाय.

वर बघितलं तर छताच्या दिव्याचं बटण चालूवर.

"आत्याबाई," मी हाक मारली, "ह्या दिव्याला हात कुणी लावला?"

आत्याबाई पदर सावरत आल्या. चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं. "म्या लावला. घटस्थापनेला माळा घातल्या, तवाच दिवा बी लावला. गाडी लक्ष्मी हाय. घरात घटाला अखंड दिवा, मग लक्ष्मी काय अंधारात बसवायची? तेल घालायला नगं, वात सारायला नगं. गाडी घटाला बसवली म्या."

मी बोटं मोजली. पाच दिवस. कापडाखाली, कुणाच्या नजरेला न पडता, तो दिवा बॅटरी पीत बसला व्हता.

"आत्याबाई, दिवा विझलाय," मी म्हणलं.

त्यांनी वाकून बघितलं आन् मटकन खाली बसल्या. "विझला? अगं बाई, अखंड दिवा विझला?"

"तो दोन दिवसांमागंच विझला असंल. आता माज्या लायसनचा बी विझतोय."

"आन् गाडी कुटं काढतीस? घटाला बसलेलं दसऱ्याबिगर हलवायचं न्हाय."

मी त्यांच्याकडं लक्ष दिलं न्हाय. टॉवेल सोडला, डबा काढला. लाल ते लाल, काळं ते काळं, मग बटण. मनात म्हणलं, तासाभरात गाडी सुरू व्हण्यापुरती भरंल. पर पिवळा दिवा लागंना. लाल बी लागंना, हिरवा बी न्हाय. एक बारका निळा ठिपका नुसता उघडझाप करत राहिला. मी चिमटे काढले, खुट्या पुसल्या, परत लावले. तेच. डबा एकदा हलवून बघितला. एक चापट बी मारली, खोटं कशाला बोलू.

मालकांना फोन लावला. मागांचा आवाज असा की मला फोन मोठ्या आवाजावर टाकावा लागला आन् निम्म्या कुंभारीनं ऐकलं.

"तुमचा ऑटोमॅटिक कायच करंना."

"काय?"

"पिवळा लागंना."

"लागंल. त्याला आपसूक कळतं."

"त्याला कळंना झालंय. तुमी या की."

"महानंदा, बदलीवाला आला न्हाय गं. चार माग बंद पडलेत, मला सुटता येत न्हाय. तू असं कर, वैजीला शेजारी बसव. तिच्याकडं पक्कं लायसन हाय."

"मेले तरी न्हाय," मी म्हणलं. तेबी मोठ्या आवाजावरच.

फोन ठेवला. पलीकडं भाकरी थापायचा आवाज चालला व्हता, तो थांबला. हां, वैजीकडं लायसन हाय. रावजीचा पिकअप हाय, शेळ्यामेंढ्यांची ने-आण करतो, आन् ती त्याच्या आदी शिकली. गेल्या साली ती पास झाली तवा पेढ्याचा पुडा कबरीच्या खुंट्यापाशी ठेवून गेली व्हती. मी खाल्ला न्हाय. आत्याबाईंनी आन् कबरीनं खाल्ला.

साडेआठ झाले. मी गाडीच्या पायरीवर बसले आन् मला रडू आलं. राग आला की मी बोलते, पर राग संपला आन् कायच उरलं न्हाय की रडते. नजरेपुढं नुसता पडदा यायचा आन् त्याच्या फटीतला डोळा.

तवा भिंतीपलीकडनं आवाज आला.

"कबरे, पार मेलेली बॅटरी त्या डब्याला दिसतच न्हाय म्हणावं. त्याला वाटतं, चिमट्याला कायच लावलेलं न्हाय. आमच्या पिकअपला बी असंच झालं व्हतं म्हणावं."

मी डोळे पुसले. मान वळवली न्हाय. "कबरे," मी म्हणलं, "मग करायचं काय, ते बी विचार."

"एक जिती बॅटरी शेजारी जोडायची म्हणावं. डब्याला जीव दिसला की तो सुरू व्हतो. मग जिती काढून घेतली तरी चालतं."

"कबरे, पिकअप तर रावजीभाऊंनी पहाटेच नेला. जिती बॅटरी कुटनं आणू?"

पलीकडनं कायतरी ओढल्याचा, खरवडल्याचा आवाज आला. आन् मग वैजी आली. पाठीला फवारणीचा पंप, हातात चिमट्यांच्या दोन वायरी, पदर खोचलेला. बांधावर औषध मारायला निघाल्यागत ती माज्या अंगणात उभी राहिली. माज्याकडं बघितलं न्हाय. पंप उतरवला, बूड उघडलं, आतली बॅटरी काढली. विटेपेक्षा बारकी. लाल खुटीला लाल, काळ्याला काळी जोडली, आन् कबरीकडं तोंड करून म्हणली, "आता बटण दाबा म्हणावं."

मी दाबलं. निळा ठिपका थांबला. क्षणभर कायच न्हाय. मग पिवळा लागला.

त्या पिवळ्या दिव्याचा मला केवढा आनंद झाला सांगू. वैजीला मिठी मारावी वाटली. मी कबरीला मारली. दहा मिनिटांनी वैजीनं पंपाची बॅटरी काढून घेतली तरी पिवळा तसाच राहिला.

पर आत्याबाई गाडीपुढं आडव्या. मी माळा काढून बाजूला ठेवल्या व्हत्या, त्या बघून तर त्यांचा पारा चढला. "देवीला बसवायचं आन् मधीच उठवायचं? दसऱ्यापर्यंत चाक हलायचं न्हाय. म्या हलू द्यायची न्हाय." त्या बोनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी समजावलं, पाया पडले. वैजीनं कबरीमार्फत सांगून बघितलं की दिवा जपायचा तर बॅटरी भरावी लागती. आत्याबाई ऐकंनात.

ह्या सगळ्यात कबरीकडं कुणाचं लक्ष न्हाय. तिनं दावं ताणलं, मान लांब केली आन् माळा खायला लागली. आमी बघितलं तवा चौथी संपत आलेली. आत्याबाई बघत राहिल्या. पाचवी माळ शेवटच्या फुलासकट आत गेली. मग त्यांनी सावकाश हात जोडले.

"देवीनं माळा उचलल्या," त्या म्हणल्या. "देवीनं स्वतः गाडी उठवली. जा बाई. रातच्याला यिऊन परत दिवा लाव म्हंजे झालं."

सव्वादहाला मी बटण बंद केलं, चिमटे काढले, किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली, दुसऱ्यांदा सुरू झाली. तोवर वैजी घरात जाऊन साडी बदलून, लायसन घिऊन, माज्या शेजारच्या सीटवर यिऊन बसली व्हती. कुणी बोलावलं न्हाय, कुणी आले म्हणलं न्हाय. मांडीवर तिनं टॉवेलात गुंडाळलेला चार्जर घेतला. वाटेत बंद पडली तर कुटं तरी लावता येईल म्हणून.

आन् गाडी रस्त्याला लागल्यावर दोघींच्या ध्यानात आलं की कबरी घरी राहिली.

अर्धा मैल मागं पडला. मग वैजी खाली बघत म्हणली, "चार्जरा, पुढं खड्डा हाय म्हणावं."

"चार्जरा, दिसतोय म्हणावं."

"चार्जरा, तिसऱ्यात किती वेळ चालवायची, चौथा टाका म्हणावं."

एमआयडीसीजवळ आलो. चहाची सुट्टी झालेली, सायकली आन् मोटारसायकली दोन्ही बाजूंनी. मी एका सायकलवाल्याला सांभाळत व्हते, आन् डावीकडच्या फाटकातनं गठ्ठे भरलेला टेम्पो उलटा बाहेर आला. मला दिसलाच न्हाय.

"अक्का, ब्रेक!"

मी पाय दाबला. टेम्पोचं मागचं फळकूट आमच्या बोनेटपासनं हातभर अंतरावर थांबलं. गाडी बंद पडली. वैजीनं माजं मनगट धरलं व्हतं, बांगड्या रुतल्या एवढं घट्ट. दोन वर्षांत तिनं मला मारलेली ती पहिली हाक.

मागं हॉर्न वाजायला लागले. मला एकच भीती, दीड तासाच्या बॅटरीत आता काय उरलं असंल. किल्ली फिरवली. सुरू झाली. वैजीनं मनगट सोडलं आन् लाजून परत डब्याकडं बघायला लागली.

आरटीओत लई गर्दी. नंबर यायला वेळ व्हता. आमचा उपवास उठता-बसता, मधले दिवस खातो, म्हणून मी जेवणाचा डबा आणलेला. झाडाखाली बसलो. मी टॉवेलावर शेंगाची चटणी काढली आन् भाकरी वैजीपुढं धरली. मुद्दाम आदल्या आठवड्यातली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, माज्याकडं चोरून बघितलं, आन् मोडली.

कट्ट.

पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वळून बघितलं. वैजीनं दोन्ही तुकडे चटणीशेजारी ठेवले. मग मांडीवरच्या डब्यावर हात ठेवून बारीक आवाजात म्हणली, "चार्जरा, त्या दिवशी पाव्हण्यांपुढं मी लई वंगाळ बोलले म्हणावं. मला बी लई दिवसांपासनं सांगायचं व्हतं म्हणावं."

मी पाणी प्याले. म्हणलं, "त्याला कशाला सांगतीस? त्याला आपसूक कळतं."

ती हसली आन् रडली बी. मीबी. रांगेतल्या माणसांना वाटलं असंल, दोघी नापास झाल्या.

परीक्षेत मी आठाचा आकडा काढला. चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक सोडला, आन् गाडी एक बोट बी मागं आली न्हाय. साहेबांनी कागदावर टिकमार्क केला आन् म्हणले, "पास. पुढचे." एवढंच. माजं लायसन, आन् त्यांना पुढचे.

घरी आल्यावर मी चार्जर परत लावला. आत्याबाईंनी छताचा दिवा लावला. आता दिवा जेवढी बॅटरी पिणार, तेवढी हा डबा भरत राहणार, दसऱ्यापर्यंत. मालक संध्याकाळी आले, डब्याकडं बघून म्हणले, "बघ, मी म्हणलं न्हवतं? कायबी सांगावं लागत न्हाय." मी त्यांना पंपाचं सांगितलंच न्हाय. माणसाचा एवढा जीव एका डब्यावर असंल तर मोडायचा कशाला.

दोन दिवस कबरी खुळ्यागत झाली. नळाला पाणी आलं की मी थेट हाक मारायची, "वैजे, पाणी." ती म्हणायची, "आले अक्का." कबरी मान वर करून थांबायची, की आता मला सांगतील. तिला कुणीच कायबी सांगंना. शनिवारी तर तिनं चाऱ्यावरनं तोंड फिरवलं.

पक्कं लायसन आलं की शेजारी कुणी बसवावं लागत न्हाय. तरी शनिवारी संध्याकाळी मी वैजीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिले. दोन वर्षांनी पहिल्यांदा. ती तव्यापुढं बसलेली.

"उद्या अकलूजला येतीस का? पिंकीचं भाषण हाय. पहिल्या रांगेत बसू."

वैजीनं भाकरी उलटली, हात झटकला आन् माज्या खांद्यावरनं अंगणात बघितलं.

"थांबा," ती म्हणली, "कबरीला विचारून सांगते."